नवअभिजात शैलीतलं तैल व्यक्तिचित्र: कोटातला माणूस रंगवताना क्रम कुठे चुकतो

काळा कोट, गळ्याशी पांढरं कापड, मागे साधी तपकिरी भिंत आणि एका बाजूने येणारा शांत उजेड. झाक-लुई दाविद किंवा अँग्र या नवअभिजात (निओक्लासिकल) शैलीतल्या फ्रेंच चित्रकारांची व्यक्तिचित्रं पाहून अनेकांना असं एक चित्र आपल्या हातून व्हावं असं वाटतं. सुरुवात उत्साहात होते आणि तिसऱ्या-चौथ्या बैठकीत अडते. अशी अडलेली चित्रं मी बरीच पाहिली आहेत आणि चूक जवळजवळ दर वेळी त्याच जागी सापडते. रेखांकन अर्धवट असताना रंग सुरू झालेला असतो. मग रंगवता रंगवता नाकाची जागा बदलते, नाकामागून डोळा सरकतो, जबडा रुंद होतो. शेवटी सगळं एकजीव करण्यासाठी मऊ ब्रश चेहऱ्यावर फिरवला जातो आणि चेहरा वापरून झिजलेल्या साबणासारखा दिसू लागतो.

या शैलीतला गुळगुळीतपणा घासून येत नाही. शेजारशेजारच्या छटा मुळातच बरोबर बसल्या की पृष्ठभाग आपोआप शांत दिसतो, आणि छटा बरोबर बसायला आकार आधीच पक्का असावा लागतो. म्हणून या लेखात सगळा भर क्रमावर आहे. एका टप्प्यावर एकच प्रश्न सोडवायचा आणि तो सुटेपर्यंत पुढचा टप्पा उघडायचा नाही.

नमुना म्हणून एक चित्र सतत जवळ ठेवा: अँग्रने १८३२ मध्ये रंगवलेलं, वृत्तपत्राचे मालक लुई-फ्रांस्वा बेर्तँ यांचं व्यक्तिचित्र. ते पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे, आणि संग्रहालयाच्या संकेतस्थळावर त्याची मोठी प्रतिमा पाहता येते. पुढे प्रत्येक टप्प्यावर त्या चित्राकडे परत यायचं आहे.

१. जमवाजमव: कॅनव्हास, रंग, तेल

खांद्यापर्यंतच्या चित्रासाठी २४ × ३० इंचाचा कॅनव्हास पुरतो. हात दाखवायचे असतील तर ३० × ४० इंच घ्या. डोकं प्रत्यक्षाएवढं किंवा किंचित लहान ठेवा. प्रत्यक्षापेक्षा मोठं डोकं या शैलीत भिंतीवरच्या जाहिरातीसारखं दिसतं.

बाजारातल्या तयार कॅनव्हासचा पोत या कामाला खरखरीत पडतो. त्यावर ॲक्रिलिक जेसोचे (रंगाखाली देण्याच्या पांढऱ्या अस्तराचे) आणखी दोन-तीन पातळ हात द्या, एक आडवा, एक उभा. प्रत्येक हात वाळल्यावर ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासा. पृष्ठभाग अंड्याच्या कवचासारखा लागला पाहिजे. काचेसारखा गुळगुळीत करू नका, रंगाला धरायला जागा उरत नाही. दोन-तीन दिवस सुकू द्या. मग रॉ अंबरमध्ये थोडा पांढरा आणि किंचित काळा मिसळून, टर्पेंटाइनने पातळ करून, सगळ्या कॅनव्हासवर राखाडी-तपकिरी छटा चिंधीने चोळून घ्या. पांढऱ्याशुभ्र कॅनव्हासवर पहिली मध्यछटाही फार गडद वाटते, त्यामुळे माणूस सगळं चित्र फिकं रंगवत जातो.

रंग थोडेच घ्या: टायटेनियम व्हाइट, यलो ऑकर, रॉ सिएना, बर्न्ट सिएना, लाइट रेड, कॅडमियम रेड लाइट, अलिझरिनच्या छटेचा टिकाऊ लाल, रॉ अंबर, अल्ट्रामरिन ब्लू आणि आयव्हरी ब्लॅक. एवढ्यात संपूर्ण चित्र होतं. कॅडमियम लाल फक्त ओठ, नाकपुडी आणि कानाच्या पाळीसाठी लागेल.

पांढऱ्याबद्दल थोडं सांगायला हवं. त्या काळातले चित्रकार शिशाचा पांढरा वापरत. तो उबदार, कमी झाकणारा आणि लवकर वाळणारा असतो. आपला टायटेनियम थंड आणि फार जोरकस आहे. जुन्या पुस्तकातलं प्रमाण जसंच्या तसं घेतलंत तर त्वचा खडूसारखी होईल. पांढरा नेहमी शेवटी आणि सुरीच्या टोकाने मिसळा. शिशाचा पांढरा विषारी आहे, घरात त्याच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. झिंक व्हाइटही खालच्या थरात नको. तो वाळल्यावर ठिसूळ होतो आणि वर्षांनी वरचा थर सुटू शकतो.

माध्यम म्हणून टर्पेंटाइन आणि जवसाचं तेल, दोनच गोष्टी. पहिल्या थरात फक्त टर्पेंटाइन, मधल्या थरांत थोडं तेल, शेवटच्या थरात त्याहून थोडं जास्त. खालचा थर वरच्यापेक्षा तेलकट झाला तर वरचा आधी कडक होतो, खालचा हलत राहतो आणि तडे जातात.

इशारा: रंग बनवण्याच्या जुन्या कृतींत बिट्युमेन, म्हणजे डांबरी तपकिरी रंग सापडतो. सावल्यांना खोली येते म्हणून तो वापरला जाई. तो कधीच पूर्ण वाळत नाही, आणि त्याने भेगाळलेली १९ व्या शतकातली चित्रं आजही दिसतात. ‘बिट्युमेन’ नावाची ट्यूब मोहात पाडेल. बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरिनच्या मिश्रणातून तीच खोली मिळते.

इशारा: जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून टाकू नका. तेल हवेशी संयोग पावताना उष्णता सोडतं आणि असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या बाहेर पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या, झाकण असलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

२. प्रकाश आणि बैठक

उत्तरेच्या खिडकीचा उजेड घ्या, असं प्रत्येक पुस्तक सांगतं. ती पुस्तकं पॅरिस किंवा लंडनच्या अक्षांशावर लिहिलेली आहेत. मुंबई-पुण्याचा अक्षांश साधारण १९ अंश. इथे मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत सूर्य भर दुपारी डोक्याच्या उत्तरेकडे असतो, आणि मार्चच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीत ऊन शिरू शकतं. म्हणजे उन्हाळ्यात ही खिडकी बेभरवशाची. दिवाळीनंतर काम सुरू करून मार्चच्या आत संपवणं सर्वात सोयीचं: उजेड स्थिर असतो, हवा कोरडी असते, थर वेळेत वाळतात. पावसाळ्यात सुरू केलेलं चित्र प्रत्येक थराला अडतं आणि दमट हवेत कॅनव्हासचा ताणही सैल पडतो.

खिडकीचा खालचा निम्मा भाग जाड कापडाने झाका, म्हणजे उजेड वरून तिरका येईल. खोलीतले सगळे दिवे बंद. दुसऱ्या बाजूची पांढरी भिंत सावलीत फार उजेड फेकत असेल तर तिथे गडद चादर टांगा. दोन दिशांनी उजेड आला की गालावर दोन सावल्या पडतात, आणि या शैलीचा पायाच निघून जातो.

आता बैठक. बेर्तँच्या चित्रासाठी अँग्र बराच काळ अडला होता. उभ्या मुद्रेतले अभ्यास झाले होते, पण काही जमत नव्हतं. मग गप्पा मारताना, वाद ऐकताना बेर्तँ जसे बसले होते, दोन्ही हात मांड्यांवर रोवून, किंचित पुढे झुकून, तीच मुद्रा त्याने घेतली. यातून घेण्यासारखी गोष्ट व्यवहारातली आहे. समोरच्या माणसाला ‘असे बसा’ म्हणून बसवू नका. आधी चहा द्या, अर्धा तास त्यांच्याशी बोला आणि ते सवयीने कसे बसतात ते टिपा. वडीलधारी व्यक्ती असेल तर हे जास्तच लागू. बसवलेली मुद्रा वीस मिनिटांत गळते, सवयीची मुद्रा तासानंतरही परत सापडते.

कपड्यांत काळा किंवा गडद कोट आणि गळ्याशी थोडं पांढरं, एवढं पुरे. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच माणसाचा वेश भाड्याने आणून घालू नका, अंगावर परका दिसतो. आपला बंद गळ्याचा काळा कोट, आत दिसणारी पांढऱ्या कॉलरची रेघ आणि हवं तर घड्याळाची साखळी. बेर्तँच्या चित्रातही दागिना म्हणावा असं तेवढंच आहे.

खुर्चीच्या पायांभोवती आणि माणसाच्या पावलांभोवती जमिनीवर खडूच्या खुणा करा. दर वीस-पंचवीस मिनिटांनी विश्रांती द्या.

फोटो वापरणार असाल तर मोबाइल अगदी जवळ धरू नका. जवळून नाक मोठं होतं, कान मागे जातात. तीन मीटर दूर उभं राहून दुप्पट झूमने घ्या. तरीही फोटोतली सावली डोळ्याला दिसते त्यापेक्षा काळी येते, तिथल्या छटा प्रत्यक्ष पाहूनच ठरवा.

तपासणी: डोळे किलकिले करून पाहा. चेहरा, कोट आणि पार्श्वभूमी असे तीन मोठे आकार वेगळे दिसतात का? चेहऱ्याचा उजेडातला भाग सावलीपेक्षा स्पष्टपणे मोठा आहे का? दोन्ही निम्मेनिम्मे वाटत असतील तर खुर्ची थोडी फिरवा.

३. रेखांकन

इथे घाई करणारा पुढे महिनाभर दुरुस्त्या करत बसतो. माझ्या हिशेबात एकूण वेळेचा तिसरा हिस्सा या टप्प्याला द्यावा.

आधी तळहाताएवढी चार-पाच छोटी चित्रं करा, फक्त तीन छटांत: गडद, मधली, उजळ. नाक-डोळे नकोत. डोकं चौकटीत किती वर आहे, खांद्यांचा त्रिकोण किती रुंद आहे, मोकळी जागा कुठे आहे, एवढंच ठरवायचं. नवख्यांच्या चित्रात डोकं नेमकं मधोमध येतं आणि माणूस खड्ड्यात बसल्यासारखा दिसतो. डोक्याच्या वर थोडीच जागा सोडा.

मग चित्राच्या मापाचा कागद ईझलवर लावा आणि कोळशाने पूर्ण आकाराचं रेखांकन करा. सरळ रेषांनी सुरुवात करा. कपाळाचा उतार, गालाचं हाड, जबड्याचा कोन हे सगळं आधी तुकड्यातुकड्यांच्या सरळ रेषांत बसवा. वळण नंतर येईल. पहिल्यापासून गोल रेषा काढणाऱ्याला कोन कुठे वळतो हे कधीच कळत नाही.

दोऱ्याला छोटं वजन बांधून ओळंबा करा आणि हात लांब करून धरा. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून खाली सोडलेली रेघ नाकपुडीच्या कुठल्या भागाला लागते? ओठाचा कोपरा डोळ्याच्या बाहुलीच्या खाली येतो की अलीकडे? कोटाची कॉलर कानाच्या नेमकी खाली आहे का? या तीन उत्तरांनी अर्धं साम्य जमतं.

नेहमी होणाऱ्या चुका अशा. डोळ्यांची रेषा डोक्याच्या साधारण मधोमध असते, पण आपण ती वर नेतो, कारण कपाळ आणि केसांकडे आपलं लक्ष कमी असतं. वळलेल्या चेहऱ्यात पलीकडचा डोळा अलीकडच्याएवढाच काढला जातो, तो अरुंद हवा. कवटीचा मागचा भाग कापला जातो आणि चेहरा मुखवट्यासारखा समोर चिकटतो. कान नेहमी पुढे सरकतो. तो जबड्याच्या कोनाच्या मागे, साधारण भुवई आणि नाकाच्या तळाच्या दरम्यान बसतो.

आकार पक्का झाल्यावर सावलीची सीमा काढा. उजेड संपून सावली सुरू होते ती रेघ कपाळावरून, गालावरून, नाकाच्या बाजूने, ओठाखालून एकसंध वाहते. ही रेघ बाह्यरेषेइतकीच महत्त्वाची आहे आणि बहुतेक जण ती काढतच नाहीत.

तपासणी: रेखांकन आरशात पाहा, मग उलटं करून पाहा. एक दिवस भिंतीकडे तोंड करून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी पाहा. घरातल्या कुणाला तरी ‘हे कोण?’ एवढंच विचारा. नाव लगेच आलं नाही तर रंगांचा डबा उघडू नका.

कॅनव्हासवर उतरवण्यासाठी कागदाच्या मागे रॉ अंबरची पूड किंवा कोळसा चोळा, कागद कॅनव्हासवर चिकटपट्टीने पक्का करा आणि टोकदार पेन्सिलने मुख्य रेषा गिरवा. कागद काढल्यावर त्याच रेषा पातळ रॉ अंबर आणि बारीक ब्रशने पक्क्या करा. कोळसा तसाच ठेवून रंग लावलात तर तो रंगात मिसळून पहिल्याच थरात त्वचा मळकी करतो.

४. तपकिरी थर

फक्त रॉ अंबर आणि टर्पेंटाइन. सावलीचे सगळे भाग एकाच पातळ, पारदर्शक तपकिरीने भरा: डोळ्याची खोबण, नाकाची बाजू, हनुवटीखाली, कोट, केस, पार्श्वभूमीचा गडद कोपरा. उजेडातले भाग तसेच सोडा, तिथे कॅनव्हासची राखाडी छटाच काम करेल. जास्त झालेला रंग चिंधीने पुसून उजेड परत काढता येतो. पांढरा अजिबात लावायचा नाही.

हा थर कसा दिसतो ते पाहायचं असेल तर दाविदचं १८०० मधलं मादाम रेकामिए यांचं अपूर्ण राहिलेलं चित्र पाहा. तेही लूव्रमध्ये आहे. त्यात पार्श्वभूमी पातळ, घासून लावलेल्या रंगाची आहे, खालचा थर जागोजागी दिसतो आणि ब्रशचे फटकारे मोकळे आहेत. पूर्ण झालेल्या चित्रात जी भिंत शांत वाटते, ती याच फटकाऱ्यांवर उभी असते.

सावल्या शेवटपर्यंत अशाच पातळ राहू द्यायच्या आहेत आणि रंगाचा जाडपणा फक्त उजेडाला द्यायचा आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा कुटुंबीयांच्या संग्रहातून आलेली युरोपीय तैलचित्रं आहेत. तिथे जाऊन चित्राच्या कडेला उभे राहा आणि पृष्ठभाग तिरका पाहायची सवय करा. रंग कुठे जाड आहे आणि कुठे पातळ, हे छापील प्रतिमेत कळत नाही.

दोन ते चार दिवस वाळू द्या. बोट हलकेच फिरवून रंग लागत नसेल तरच पुढे.

तपासणी: तीन मीटरवरून पाहिल्यावर माणूस ओळखू येतो का? रंगांशिवायही ओळखू यायलाच हवा. येत नसेल तर चूक आकारात किंवा सावलीच्या सीमेत आहे, आणि ती इथेच दुरुस्त होते.

५. पार्श्वभूमी आणि कोट आधी

चेहरा आधी रंगवायचा मोह होतो. तो आवरा. राखाडी कॅनव्हासवर बरोबर वाटणारी त्वचा शेजारी काळा कोट आला की एकदम फिकी पडते. आधी शेजारचे रंग बसवा.

पार्श्वभूमी रॉ अंबर, यलो ऑकर, थोडा काळा आणि पांढरा यांतून तयार करा. चेहऱ्याच्या उजेडाच्या बाजूला ती किंचित गडद, सावलीच्या बाजूला किंचित उजळ ठेवा. एवढ्याने डोकं भिंतीपासून सुटतं. रंग आडव्यातिडव्या छोट्या फटकाऱ्यांनी घासून लावा, सगळीकडे सारखा नको.

कोटासाठी ट्यूबमधला काळा तसाच लावणं ही सर्वात महाग पडणारी चूक आहे. आयव्हरी ब्लॅक तेलकट असतो आणि फार हळू वाळतो. तो खालच्या थरात जाड लावून वर लवकर वाळणारा रंग दिलात तर तडे जातात. काळ्यात बर्न्ट सिएना किंवा रॉ अंबर आणि थोडा अल्ट्रामरिन मिसळा, आणि पातळच लावा. अंबरमुळे तो लवकर वाळतोही.

कोटात तीनच छटा ठेवा: सावली, कापडाचा स्वतःचा रंग आणि उजेडाकडचा थोडा थंड राखाडी. प्रत्येक चुणी रंगवायची नाही. बेर्तँच्या कोटात बाहीवर आणि पोटाशी ताण जिथे पडतो तेवढ्याच घड्या आहेत आणि तरी आत भरदार शरीर आहे हे कळतं. खांद्याची सावलीतली कड पार्श्वभूमीत जवळजवळ विरू द्या.

६. त्वचा

आता जिथे धीर लागतो तिथे आलो.

माणूस येण्याआधी पॅलेटवर छटा सुरीने मिसळून ठेवा: उजेडाच्या तीन, मधल्या तीन, सावलीच्या दोन. कागदाच्या तुकड्यावर प्रत्येकीचा ठिपका घ्या आणि चेहऱ्याजवळ धरून पडताळा. बैठक सुरू असताना रंग जुळवत बसलात तर उजेड सरकतो आणि माणूस थकतो.

फ्रेंच पद्धतीच्या पुस्तकांतलं त्वचेचं मिश्रण म्हणजे पांढरा, ऑकर आणि व्हर्मिलियन. आपल्या चेहऱ्यांवर ते गुलाबी आणि पिठूळ होतं. गव्हाळ रंगासाठी सुरुवात रॉ सिएना आणि लाइट रेडपासून करा, पांढरा कमी. सावळ्या रंगासाठी बर्न्ट सिएना आणि थोडा अल्ट्रामरिन पाया धरा, आणि उजेडातही पांढऱ्याऐवजी आधी ऑकर वाढवून पाहा. मधल्या छटांत किंचित हिरवट राखाडी लागतो, तो ऑकरमध्ये चिमूटभर काळा घालून मिळतो. त्वचा जितकी गडद, तितकी तिच्यावरची चमक छोटी, स्पष्ट आणि थंड. आकाशाचा निळसरपणा तिथे दिसतो.

चेहऱ्यावर रंग सारखा नसतो. आपल्याकडच्या अनेक चेहऱ्यांत कपाळ गालांपेक्षा सावळं असतं, नाक आणि कान लालसर, दाढी केलेला भाग निळसर राखाडी. पुस्तकातलं ‘कपाळ पिवळसर उजळ’ हे सूत्र इथे डोळे झाकून लावू नका. समोर पाहा.

आता छटा ठेवायच्या, फरशी बसवल्यासारख्या. सर्वात उजळ भागापासून सुरू करून सावलीकडे जा. एक छटा ठेवली की तिच्या शेजारी पुढची, मध्ये सपाट सीमा राहू दे. घासायचं नाही. चेहरा या अवस्थेत छोट्या पैलूंचा, कोरीव दगडासारखा दिसतो. बरेच जण इथेच घाबरून मऊ ब्रश उचलतात. थांबा. पैलू बरोबर आहेत का ते आधी दुरून पाहा. चुकीचा पैलू घासून बरोबर होत नाही, तो फक्त शेजारच्यालाही मळवतो.

सगळे पैलू बसल्यावर कोरड्या, स्वच्छ, मऊ ब्रशने फक्त सीमांवर, सीमेला आडवा, एकेक हलका हात द्या. प्रत्येक हातानंतर ब्रश चिंधीला पुसा. पैलूचा मधला भाग तसाच राहिला पाहिजे. एवढ्यावर थांबता आलं तर तुम्हाला हवा असलेला शांत पृष्ठभाग मिळतो आणि हाडांची घडणही टिकते.

डोळ्यांच्या बाबतीत: बुबुळाभोवतीचा पांढरा भाग पांढरा नसतो. तो राखाडी असतो, आणि वरच्या पापणीची सावली त्यावर पडते. पापणीचे केस एकेक काढू नका. वरचा ओठ सहसा सावलीत असतो, ओठांभोवती रेघ मारली की चेहरा रंगभूषा केल्यासारखा दिसतो. केस आधी एक गडद आकार म्हणून भरा. बेर्तँचे पिकलेले, विस्कटलेले केस पाहा: मोजके सुटे केस फक्त कडेला आहेत.

सावलीत शिरून तिथला तपशील उजळ करत बसू नका. सावलीतली सर्वात उजळ छटा उजेडातल्या सर्वात गडद छटेपेक्षा गडदच असली पाहिजे. हा एक नियम मोडला की चेहरा फुटतो.

एक ते दोन आठवडे वाळू द्या. दुसरी बैठक याच क्रमाने, थोड्या जास्त तेलाने.

७. हात आणि पांढरं कापड

हात लहान काढण्याची चूक जवळजवळ सगळे करतात. बंद बोटांच्या हाताची लांबी हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंत येते, कागदावर मोजून पाहा. आधी पंजा एक ठोकळा, मग बोटांचा समूह एक आकार, आणि शेवटी एखाद-दुसरं बोट वेगळं. बेर्तँचे हात चेहऱ्याइतकेच बोलतात, पण चेहऱ्यापेक्षा किंचित गडद आहेत. तुमच्या चित्रातही हातांचा उजेड चेहऱ्याच्या उजेडाहून एक पायरी खाली ठेवा.

कॉलर किंवा गळपट्ट्यासाठी पूर्ण पांढरा फक्त एका-दोन ठिकाणी. बाकी सगळं उबदार किंवा थंड राखाडी. पांढऱ्या कापडाची सावली आपल्याला वाटते त्यापेक्षा बरीच गडद असते, डोळे किलकिले करून कपाळाशी तुलना करा.

८. कडा, चमक, शेवटची पारदर्शक पुटं

वाळलेल्या चित्रावर काही गडद भाग निस्तेज, धुरकट दिसतील. तेल खालच्या थरात शोषलं गेल्याने असं होतं. त्यावर नवीन रंग चढवू नका. जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात देऊन लगेच कापडाने पुसून घ्या, मूळ छटा परत दिसेल आणि मगच ठरवा काही करायचं आहे का.

नवअभिजात म्हणजे सगळीकडे सुरीने कापल्यासारखी कड, हा गैरसमज आहे. उजेडातली गालाची कड, कॉलरची कड स्पष्ट असते. केसांची, सावलीतल्या खांद्याची, मानेच्या मागची कड मऊ असते. संपूर्ण चित्रात तीन-चार जागीच धारदार कड ठेवा आणि त्यातली सर्वात धारदार चेहऱ्यावर.

गाल किंवा कानाला थोडी ऊब हवी असेल तर पारदर्शक लालाचं फार पातळ पूट द्या. डोळ्यातली चमक, नाकाच्या शेंड्यावरची चमक, साखळीवरचा एक ठिपका सर्वात शेवटी, एकेकाच स्पर्शात. बेर्तँच्या खुर्चीच्या गुळगुळीत लाकडावर खिडकीचं छोटं प्रतिबिंब आहे. अशी एखादी जागा तुमच्या चित्रात असेल तर तीही याच दिवशी.

९. वाळवण, व्हार्निश, टांगणं

चित्र अंधाऱ्या खोलीत किंवा कपाटामागे वाळवू नका. जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं. उजेडाच्या, पण थेट ऊन न येणाऱ्या खोलीत ठेवा.

व्हार्निशची घाई नको. पातळ थरांनाही सहा महिने, जाड उजेडाच्या भागांना वर्षभर द्या. कोपऱ्यात टर्पेंटाइनने ओलसर केलेला कापूस हलकेच फिरवा, रंग आला तर अजून थांबा. पावसाळ्यात व्हार्निश करू नका, हवेतला ओलावा अडकून पृष्ठभागावर पांढुरकी धूसर साय येते. कोरड्या दिवशी, धूळ पुसून, चित्र आडवं ठेवून, रुंद ब्रशने एकच पातळ हात द्या.

पावसाचा मारा बसणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर चित्र टांगू नका. दुसरी जागाच नसेल तर चौकटीच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि कॅनव्हास यांच्यामध्ये हवा खेळेल. जूनच्या आधी आणि गणपतीनंतर एकदा चित्र उतरवून मागची बाजू पाहा. बुरशीचे ठिपके दिसले तर ओल्या फडक्याने पुसू नका. चित्र कोरड्या, हवेशीर खोलीत न्या, ठिपके पूर्ण सुकू द्या आणि मग मऊ कोरड्या ब्रशने घराबाहेर झटका.